शनिवारवाडा, नारायणराव आणि पौर्णिमेच्या रात्रीची हाक

प्रश्न असा आहे : "सुट्टीत मुलांना घेऊन पुण्याला येतोय. पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्यातून 'काका, मला वाचवा' अशी हाक ऐकू येते म्हणतात. यात खरं किती? नारायणराव पेशव्यांचा खून नेमका कसा झाला? आणि मुलांना वाड्यात काय दाखवावं?"

बरीच वर्षं मी लोकांना शनिवारवाडा आणि जुन्या पेठा फिरून दाखवतो. दिल्ली दरवाज्यातून आत पाऊल टाकलं की पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न येतोच. लहान मुलं मोठ्याने विचारतात, मोठी माणसं बाजूला घेऊन विचारतात. त्यामुळे उत्तर सविस्तर देतो. थोडक्यात हवं असेल तर एवढंच : खून खरा आहे आणि त्याचे तपशील बऱ्यापैकी नोंदलेले आहेत. पौर्णिमा मात्र नंतर चिकटलेली आहे. भुताची गोष्टही पुष्कळ जुनी आहे, पण जुन्या काळी ते भूत वाड्यात राहत नव्हतं. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी वाड्याबद्दल. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी, पुन्हा शनिवारीच, वास्तुशांत झाली. त्या पहिल्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये सांगतात. तेव्हाचा वाडा आजच्या तटबंदीएवढा नव्हता. त्यांचे चिरंजीव नानासाहेब यांच्या काळात तो वाढला, उंच झाला, बुरूज आणि दरवाजे पुरे झाले. तटाकडे नीट पाहिलंत तर खालचा भाग दगडाचा आणि वरचा विटांचा दिसेल. दगडी कोट बांधण्याचा मान छत्रपतींचा, पेशव्यांनी तो घेऊ नये, असा आक्षेप साताऱ्याहून आल्यामुळे वरचं काम विटांत झालं, अशी आठवण पुण्यात सांगितली जाते. उत्तरेकडे तोंड केलेला दिल्ली दरवाजा म्हणजे मोगलांना उघड आव्हान, म्हणून शाहू महाराजांनी तो पुरा करू दिला नाही आणि त्यांच्यानंतर तो झाला, हेही त्याच आठवणींतलं. पेशवा हा राजा नव्हता, राजाचा प्रधान होता. वाड्याच्या भिंतीतसुद्धा लोकांना हा फरक दिसत होता, म्हणून या आठवणी टिकल्या असं मला वाटतं.

जागेच्या निवडीचीही एक कथा आहे. बाजीराव नदीकाठी फिरत असताना त्यांना एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. या मातीत काही विशेष आहे, असं म्हणून त्यांनी तिथेच वाडा बांधायचं ठरवलं. गोष्ट गोड आहे आणि मुलांना फार आवडते. पण हीच गोष्ट विजयनगरबद्दल सांगतात आणि अहमदाबादबद्दलही सांगतात. तिथेही ससा आणि तिथेही कुत्रा. जिथे मोठं काही उभं राहतं तिथे ही कथा येऊन बसते. हे आधीच सांगतो, कारण भुताच्या गोष्टीलाही पुढे हाच नियम लावायचा आहे. एखादी कथा एका ठिकाणाची म्हणून सांगितली जाते, एवढ्यावरून ती तिथेच जन्मली असं ठरत नाही.

आता नारायणराव. ते नानासाहेबांचे धाकटे चिरंजीव, जन्म १० ऑगस्ट १७५५. पाच-सहा वर्षांचे असताना पानिपत झालं. सगळ्यात मोठा भाऊ विश्वासराव तिथे पडला आणि त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले. मधले भाऊ माधवराव पेशवे झाले. अकरा वर्षांत त्यांनी पडलेलं राज्य उभं केलं आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला क्षयाने गेले. त्यांच्यामागे सतरा वर्षांचा नारायणराव पेशवेपदावर आला. समोर होते काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा. अटकेपर्यंत मराठी फौजा नेणारे पराक्रमी सरदार आणि पेशवाईवर आपला हक्क आहे असं कायम मानणारे. माधवरावांनी १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत त्यांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवलं होतं. मरण जवळ आलं तेव्हा माधवरावांनी काका-पुतण्यांमध्ये समेट घडवला, पण तो टिकला नाही. नारायणरावांनी १७७३ मध्ये काकांना पुन्हा कैद केलं, आणि तेही त्याच वाड्यात.

म्हणजे काय झालं पाहा. सत्ता हातात असलेला अठरा वर्षांचा पुतण्या आणि सत्ता हवी असलेला, कैदेत ठेवलेला काका एकाच छताखाली राहत होते. वाड्याच्या चौक्या गारद्यांच्या हातात होत्या. गारदी म्हणजे कवायती पायदळातले भाडोत्री शिपाई. मराठी सरदारांसारखं त्यांचं इथे वतन नव्हतं आणि इथल्या घराण्यांशी नातंही नव्हतं. त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच, पगार. नारायणराव तापट होते, बोलून माणसं दुखावत, असं त्यांच्याबद्दल लिहिलेलं आहे. पण अठराव्या वर्षी कोण तापट नसतं? त्यांच्याभोवती असंतुष्ट कारभाऱ्यांचं जाळं विणलं गेलं. हा कट एका माणसाचा किंवा एका बाईचा नव्हता, हे पुढे चौकशीतच दिसलं.

दिवस होता ३० ऑगस्ट १७७३, सोमवार. तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. वाड्यात गणपती बसलेला होता आणि दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गारद्यांमध्ये काहीतरी शिजतंय याची कुणकुण नारायणरावांना त्या दिवशी लागली होती. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं, पण बंदोबस्त वेळेवर झाला नाही. दुपारी सुमेरसिंग गारदी आपली माणसं घेऊन पगाराची मागणी करत आत घुसला. अडवणाऱ्यांवर तलवारी चालल्या. नारायणराव आधी पार्वतीबाईंकडे धावले. या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी, नारायणरावांच्या काकू. त्यांनी सांगितलं, दादासाहेबांकडे जा, तेच वाचवतील. म्हणून ते राघोबादादांकडे गेले आणि त्यांना मिठी मारून जीव वाचवण्याची विनवणी करू लागले. जी हाक आज भुताच्या तोंडी आहे, तिचा उगम या क्षणात आहे.

यानंतर काय घडलं हे ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकारी-इतिहासकाराने लिहिलं आहे. त्याचा इतिहास १८२६ चा, म्हणजे घटनेला जेमतेम पन्नास वर्षं झाली होती आणि त्या पिढीला ओळखणारी माणसं हयात होती. राघोबादादांनी सुमेरसिंगाला पुतण्याला सोडायला सांगितलं. तो म्हणाला की इतकं पुढे येऊन मी स्वतःचा नाश ओढवून घेणार नाही, त्याला सोडा नाहीतर तुम्हीही त्याच्याबरोबर मराल. दादांनी मिठी सोडवली. तुळाजी पवार या दादांच्याच नोकराने नारायणरावांना ओढलं. नारायणरावांचा सेवक चाफाजी टिळेकर निःशस्त्र होता. तो धावत आला आणि त्याने धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. दोघंही एकत्र कापले गेले.

सगळं मिळून अर्ध्या तासाचा प्रकार. तेवढ्यात अकरा माणसं मेली. त्यात इच्छारामपंत ढेरे होते, इतर नोकरचाकर होते, दोन कुणबिणी (दासी) होत्या. एक गाय मारली गेल्याचीही नोंद आहे. वाडा दाखवताना मी इथे मुद्दाम थांबतो. भुताच्या गोष्टीत एकच माणूस मरतो. प्रत्यक्षात अकरा मेले, आणि त्यातल्या एकाने तर हातात शस्त्र नसताना मालकासाठी जीव दिला. चाफाजीची हाक कोणाला ऐकू येत नाही. त्या दोन बायकांची नावं तर कोणी विचारतही नाही.

नारायणरावांवर त्याच रात्री मुठेकाठी अग्निसंस्कार झाले. वाड्याच्या नैर्ऋत्य बाजूच्या जांभूळ दरवाज्यातून प्रेत बाहेर नेलं म्हणून त्याला नारायण दरवाजा म्हणतात. मुलांना घेऊन जाल तेव्हा हा दरवाजा चुकवू नका. बहुतेक लोक दिल्ली दरवाज्यासमोर फोटो काढून परत जातात.

'ध' चा 'मा' ही गोष्ट तुम्हाला माहीत असणारच. दादांनी गारद्यांना 'नारायणरावांस धरावे' असं लिहून दिलं आणि आनंदीबाईंनी त्यात एक अक्षर बदलून 'मारावे' केलं. ही कथा इतकी पक्की बसली आहे की आनंदीबाई म्हटलं की दुसरं काही आठवत नाही. तो कागद मात्र कोणी दाखवलेला नाही. मोडी कागद हाताळणारा माणूस म्हणून मला त्यात आणखी एक अडचण दिसते. लेखी आज्ञा असती तर ती सुमेरसिंगाने जिवापाड जपली असती, कारण त्याचा तोच एक बचाव होता. आनंदीबाईंना कट ठाऊक नव्हता असं मी म्हणत नाही. त्या महत्त्वाकांक्षी होत्या आणि संशय त्यांच्याभोवती तेव्हापासून आहे. पण सगळा दोष एका बाईच्या लेखणीवर टाकला की राघोबादादा, कारभारी, गारदी, सगळेच जरा हलके होतात. या कथेची सोय त्यात आहे.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि पन्नासच्या आसपास माणसं दोषी ठरवली. त्यात गारदी होते, कारकून होते, प्रतिष्ठित घरांतली माणसंही होती. थेट राघोबादादांना तुमच्या या पापाला देहान्ताशिवाय प्रायश्चित्त नाही, असं सांगून रामशास्त्री पुणं सोडून वाईजवळच्या गावी निघून गेले. हे त्यांनी गादीवर बसलेल्या माणसाला सांगितलं. इथे भुताची गरजच काय, असं मला दर वेळी वाटतं.

राघोबादादांची पेशवाई फार टिकली नाही. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. नाना फडणवीस, सखारामबापू, हरिपंत अशा कारभाऱ्यांनी एकत्र येऊन त्यांना पुरंदरवर नेलं. हेच बारभाईंचं कारस्थान. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरवर सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांचे असताना पेशवे झाले. दादा इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह केला आणि त्यातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. वडगावला इंग्रज हरले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने प्रकरण मिटलं. दादा १७८३ मध्ये कोपरगावला वारले. खुनात हात असलेले काही गारदी पकडले गेले आणि त्यांना देहान्ताची शिक्षा झाली. मराठी राज्याच्या घरात इंग्रजांना पहिल्यांदा आमंत्रण मिळालं ते या खुनातून, म्हणून पुण्याच्या मनात ही जखम राहिली.

आता भूत. आज सांगितली जाणारी गोष्ट अशी : दर पौर्णिमेच्या मध्यरात्री (काही जण अमावास्या म्हणतात) वाड्यातून नारायणरावांची हाक येते. कधी एकदा, कधी तीनदा. कोणी पांढरी आकृती पळताना पाहतं. पहिली अडचण तिथीची. खून शुद्ध त्रयोदशीला झाला, पौर्णिमेला नाही. दुसरी वेळेची. तो भरदुपारी झाला, रात्री नाही. तिसरी जागेची. ज्या दालनांत हे घडलं ती दालनं आज नाहीत. वाड्याला पुन्हा पुन्हा आगी लागल्या आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेली आग आठवडाभर धुमसत होती. तिने आतलं सगळं लाकडी बांधकाम खाल्लं. मजले गेले, रंगमहाल गेले. राहिला तट, दरवाजे, बुरूज आणि जमिनीलगतचे दगडी जोते. आज तुम्ही जिथे हिरवळीवरून चालता ते त्या इमारतींचे पाये आहेत, आणि तेही १९२३ नंतरच्या खोदकामात मोकळे झालेले.

मधल्या शंभर वर्षांचाही विचार करा. १७ नोव्हेंबर १८१७ ला इंग्रजांच्या बाजूने गेलेल्या बाळाजीपंत नातूंनी वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवलं. त्यानंतर तिथे इंग्रज कलेक्टर राहिला. पुढे तुरुंग झाला, वेड्यांचं इस्पितळ झालं, पोलिसांची घरं झाली, कचेऱ्या भरल्या. १९१९ मध्ये वाडा संरक्षित स्मारक झाला, तोवर तिथे रात्रंदिवस माणसांचा राबता होता. कैदी तिथे झोपले, शिपायांनी तिथे पहारे दिले. दर पौर्णिमेला हाक येत असती तर आत झोपणाऱ्या माणसांनी ती सांगितली असती. गोष्ट मात्र तटाबाहेरून ऐकणाऱ्यांची आहे. वाडा रिकामा झाला, सूर्यास्तानंतर दार बंद होऊ लागलं, आत अंधार आणि बाहेर वाहतं शहर अशी स्थिती आली तेव्हा ती फोफावली, असं माझं मत आहे. रात्री तटाजवळ उभं राहिलं की आवाज येतात हे खरं आहे. पारव्यांचं घुमणं, वटवाघळं, घुबडं, नदीच्या बाजूचा वारा, पुलावरची वाहनं. उंच तटाला आपटून आवाज कुठून आला ते कळत नाही. मनात आधीच तीन शब्द असतील तर कान त्या आवाजात तेच शब्द शोधतो.

ते तीन शब्द आपल्या मनात कुठून आले? नारायणरावांनी विनवणी केली हे पक्कं. ती याच शब्दांत केली का, याला पुरावा नाही. शब्द घट्ट केले ते रंगभूमीने आणि पडद्याने. खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' १९०९ मध्ये रंगभूमीवर आलं, 'प्रभात'चा 'रामशास्त्री' १९४४ मध्ये. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मराठी माणसांनी हा प्रसंग डोळ्यांनी पाहिला आणि कानांनी ऐकला. शाळेच्या स्नेहसंमेलनातही तो झाला. वाड्यावर येणाऱ्या आजोबांना ही हाक पाठ असते आणि ती त्यांना नाटकाच्या सुरातच पाठ असते.

आपल्याकडच्या भुतांच्या परंपरेशी ही गोष्ट ताडून पाहिली की तिचं नवेपण आणखी कळतं. कोकणात, देशावर, कुठेही जा. भुताला जात आहे, जागा आहे, मागणी आहे आणि उतारा आहे. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर बसतो. इच्छा अडकलेला ब्राह्मण समंध होतो. देवचाराला नारळ लागतो, हडळीचे पाय उलटे असतात. अपमृत्यू झालेल्यासाठी नारायणबळी करतात, त्र्यंबकेश्वरी जातात. शनिवारवाड्याच्या भुताला यातलं काही नाही. ते कोणत्या जातीचं भूत हे कोणी सांगत नाही. नैवेद्य नाही, पार नाही, मागणी नाही. कोणाला झपाटल्याची तक्रार नाही. आहे फक्त आवाज. गावातल्या म्हाताऱ्या बाईला विचारलं तर ती म्हणेल, असं कसलं भूत?

आणि आता तो भाग, ज्यासाठी मी एवढं लांबलो. नारायणरावांचं जुनं भूत होतं आणि त्याला मागणी होती. राघोबादादा आणि आनंदीबाईंचा मुलगा दुसरा बाजीराव १७९६ मध्ये पेशवा झाला. आईवडिलांनी केलेल्या हत्येचं पाप आपल्याला भोवेल ही धास्ती त्याला होती. ग्रँट डफ लिहितो की ते टाळण्यासाठी त्याने पुण्याच्या आसपास आंब्याची लाखो झाडं लावली, ब्राह्मणांना आणि देवस्थानांना मोठ्या रकमा दिल्या. हा बाजीराव शनिवारवाड्यात फारसा रमला नाही. त्याने पुण्यातच दुसरे वाडे बांधले. त्यातला विश्रामबागवाडा आजही उभा आहे. त्यामागे भीती किती आणि हौस किती, हे मी ठरवणार नाही. पण आमराया लावणं हे प्रायश्चित्त होतं. पांथस्थाला सावली आणि फळ मिळावं, त्याचं पुण्य मृताला पोचावं, असा तो हिशेब.

फरक पाहा. १८०० च्या आसपासचं नारायणरावांचं भूत एका घराण्याच्या मानगुटीवर होतं. ते वाड्याला धरून नव्हतं, तर ज्यांनी मारलं त्यांच्या मुलाला धरून होतं. कोणी मारलं आणि भरपाई कोणी करायची, हे त्या श्रद्धेत स्पष्ट होतं. आजच्या गोष्टीतून मारणारे गळून पडले आहेत. उरला आहे एक मुलगा आणि एक भिंत. 'काका' हा शब्द त्या हाकेतच आहे, तरी ऐकणारा काकाबद्दल विचारत नाही. आवाज ऐकू येतो का, एवढंच विचारतो. मला याचं वाईट वाटतं आणि म्हणून मी लोकांना गोष्ट सांगताना नेहमी उलट टोकाने सांगतो, बाजीरावाच्या आमराईपासून.

आणखी एक गोष्ट मनात राहते. त्याच वाड्यात नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव २५ ऑक्टोबर १७९५ ला वरच्या मजल्यावरून खाली पडला. दोन दिवसांनी, २७ तारखेला, गेला. वय २१. तापाच्या भरात तोल गेला की त्याने स्वतः उडी टाकली, यावर तेव्हापासून वाद आहे. बाप न पाहिलेला आणि नाना फडणवीसांच्या शिस्तीत वाढलेला तरुण मुलगा. भुतासाठी याहून योग्य मृत्यू कोणता असेल? पण त्याची कोणतीही आख्यायिका तिथे चालत नाही. कारण त्याच्या तोंडी देता येईल असं वाक्य नाही. तो एकटा होता. म्हणून वाड्याची गोष्ट एकाच शब्दावर अडकून बसली, आणि बापलेक दोघंही त्याच वास्तूत अकाली गेले हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं.

आता मुलांचं. मुलं लहान असली तरी खुनाची गोष्ट लपवू नका, पण रक्ताचे तपशील टाळा. घरातलं भांडण कुठवर गेलं, एवढं त्यांना समजतं. सकाळी दार उघडताच या. दुपारी आत सावली फारशी नाही आणि रात्री थांबण्याची परवानगी नसते, त्यामुळे पौर्णिमा गाठायच्या भानगडीत पडू नका. आधी दिल्ली दरवाजा बाहेरून बघा. फळीवरचे अणकुचीदार लोखंडी खिळे मुलांना मोजू द्या. ते नऊ ओळींत आठ-आठ आहेत आणि हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीला ठेवलेले आहेत. आत शिरताना भिंतीवर जुन्या चित्रांचे अंश दिसतात. ते पुसट आहेत, हात लावू देऊ नका. मग जिना चढून नगारखान्यात जा. तिथलं लाकूडकाम पाहिलं की जळून गेलेला वाडा कसा असेल याची कल्पना येते, आणि तिथून समोर बाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आणि पटांगण दिसतं. तटावरून पूर्ण फेरी मारा. वरून जोत्यांचा नकाशा कळतो, खालून तो कळत नाही.

खाली उतरलात की हजारी कारंजं शोधा. कमळाच्या आकाराचं आहे, पाकळ्या सोळा. हे लहानग्या सवाई माधवरावांसाठी केलेलं, असं सांगतात. मुलांना इथे बसवा आणि नारायणरावांची गोष्ट इथे सांगा, कारण ज्याच्यासाठी हे पाणी उडत होतं तो त्यांचाच मुलगा. चाफाजी टिळेकराचं नाव घ्या. शेवटी नैर्ऋत्येच्या नारायण दरवाज्यापाशी जा आणि तो कोणत्या कारणाने त्या नावाचा झाला ते सांगा.

वेळ असेल तर त्याच दिवशी विश्रामबागवाडा करा, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दुसऱ्या दिवशी गाडी असेल तर थेऊरला जा. तिथे चिंतामणीचं देऊळ आहेच, शिवाय माधवराव गेले ते ठिकाण आणि त्यांच्यामागे सती गेलेल्या रमाबाईंचं वृंदावन नदीकाठी आहे. माधवराव आणखी दहा वर्षं जगते तर सुमेरसिंगाची शनिवारवाड्यात घुसायची हिंमत झाली असती का, हे मुलांना थेऊरहून परतताना विचारा. माझ्याबरोबर आलेल्या मुलांनी या प्रश्नावर बसमध्ये तासभर भांडण केलं आहे.